कापसातला खळगा

कळंब, रविवार, संध्याकाळ

शाळेच्या हॉलमध्ये मी कापसाचा भलामोठा ढीग मांडलाय. नाव दिलं ‘वेदना’. समोर पाटी, हात लावू नये. दिवसभर लोक हात मागे बांधून, सुतकी चेहऱ्याने बघून गेले. शेवटी हाच कापूस वेचणाऱ्या सुनंदामावशी आल्या. चपला काढल्या आणि धपकन ढिगात! खदखदून हसल्या.

मी ओरडले, “मावशी, काय करून राह्यल्या? हे शिल्प आहे!”

“असन बाई. जलमभर वेचला, लोळली मी आज पयल्यांदा.”

त्या गेल्या. त्यांच्या पाठीचा खळगा तेवढा राहिला, ढगात कुणी झोपून उठल्यासारखा. गंमत आली की कला हलकी होते का? कोण जाणे. नजर सारखी त्या खळग्याकडेच. तो बुजवायला म्हणून उठले खरी...

पाटी उलटी केली. चपला काढल्या.