मावशीच्या हातचा वेल

नर्सेसचं वसतिगृह,
९ फेब्रुवारी

चि. बारकीस ताईचे भरभरून आशीर्वाद, आणि सोबत एक दम: उत्तर लिहायला आळस करायचा नाही.

मी नीट पोचले. एका खोलीत तिघी आहोत. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, बाकी काही दिसत नाही. इतकी वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, तरी ऑपरेशन थिएटरच्या या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हात कसे धुवायचे इथपासून पुन्हा सुरुवात आहे. फोन मेट्रनच्या टेबलावर असतो आणि समोर मेट्रन बसलेली असते. तिच्यादेखत पोरांशी लाडाचं बोलवत नाही, म्हणून पत्रच बरं.

तू माझ्या घरी राहायला गेलीस म्हणून मला येता आलं, हे मी विसरणार नाही. तुझं घर मोडल्यापासून तू त्या एका खोलीत पडदे शिवत शिलाईमशीनशीच बोलत असतेस. त्यापेक्षा आता माझ्या पोरांशी बोल. तुझ्या भाऊजींवर विसंबू नकोस. कुठे तार तुटली की ते भरल्या ताटावरून उठून जातात. लाइनमन घरात दिसला तरी तो खांबावरच आहे असं धरून चालायचं.

ठमीला शाळेत जाताना वेणी घट्ट लागते, नाहीतर दुपारपर्यंत झिपरी होते. गुंड्या अजून बोलत नाही. तीन वर्षांचा झाला, कान ठणठणीत आहेत, डॉक्टर म्हणतात मनात येईल तेव्हा बोलेल. तो बोट दाखवतो आणि मी ओळखते. तुला ओळखता येईपर्यंत रडेल, रडू दे. झोपताना त्याला माझ्या कानाची पाळी धरायला लागते. दुसऱ्या कोणाची चालत नाही, त्याच्या बाबाचीही नाही. उशीचं टोक देऊन बघ.

मागच्या अंगणात घेवडा आणि टोमॅटो लावलेत. तुझ्या हातून निवडुंगसुद्धा मेला होता हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तेव्हा नुसतं पाणी घाल, जास्त डोकं चालवू नकोस.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


तुझ्याच घरातून,
२७ फेब्रुवारी

ती. ताईस बारकीचा वाकून नमस्कार. मी जिवंत आहे, मुलं जिवंत आहेत, आणि तुला धक्का बसेल पण घेवडाही जिवंत आहे.

पहिला आठवडा विचारू नकोस. गुंड्याने बोट दाखवलं की मी पाणी द्यायची, त्याला हवा असायचा चेंडू. चेंडू दिला की त्याला हवं असायचं दार उघडलेलं. शेवटी दोघंही दारात बसून रडलो आणि ठमीने आम्हाला बिस्किटं दिली. उशीचं टोक दिलं तर त्याने उशीच भिरकावली. दोन-तीन दिवस नुसता हुंदके देत झोपला, मग एकदा डोळे मिटून माझा कान चाचपला, जरा थांबला, आणि धरला. माझ्या कानात डूल आहे, तो त्याला आवडला असावा. आता डूल फिरवत झोपतो.

अंगणात मी जरा डोकं चालवलं, रागावू नकोस. घेवड्याच्या काठ्या भिंतीच्या सावलीत होत्या, त्या उन्हात आणल्या. टोमॅटो गोगलगायी खात होत्या. मुलं सकाळी त्यांना डब्यात गोळा करतात आणि कुंपणापलीकडच्या ओसाड जागेत सोडून येतात. ठमी प्रत्येकीला बजावते की परत यायचं नाही. कोपऱ्यात मी आल्या दिवशीच भोपळ्याच्या बिया टाकल्या होत्या. रोपं इतक्या जोमात सुटलीत की वेल पसरणार म्हणून भाऊजींनी कपड्यांची दोरी आधीच हलवली. शेजारीण म्हणाली, या अंगणात इतकं हिरवं तिने कधी पाहिलं नव्हतं.

पडदे शिवून होतात. गुंड्या मशीनखाली बसतो आणि पायडल हललं की हसतो.

हात धुऊन धुऊन सोलून घेऊ नकोस. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी बारकी


नर्सेसचं वसतिगृह,
११ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं, आनंद झाला. गुंड्या झोपतो हे वाचून आनंद झाला, वेल सुटला हे वाचूनही आनंद झाला. खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं की एवढा आनंद झालाय तर ताट का सरकवून ठेवलंस.

काठ्या हलवायला तुला कोणी सांगितलं होतं? त्या मी सावलीत लावल्या त्याला कारण होतं. काय ते आता आठवत नाही, पण होतं. आणि शेजारीण सात वर्षं माझ्या अंगणाकडे बघून नाक मुरडत आली आहे, तिचा शेरा मला लिहून कळवायची गरज नव्हती. कानात डूल घालून मुलाला झोपवू नये. ओढला तर पाळी फाटेल. तुझ्याच भल्याचं सांगते.

इथे मोठे सर्जन नुसता हात पुढे करतात आणि काय हवं ते मला ओळखायला सांगतात. मी चिमटा दिला, त्यांना हवी होती कात्री. सगळ्यांदेखत म्हणाले की बाईंचं लक्ष घरी आहे. खोटं नव्हतं. मी तेव्हा तुझा कान डोळ्यासमोर आणत होते.

चार पानांत मी शोधून शोधून पाहिलं. ठमी काय म्हणते ते आहे, शेजारीण काय म्हणते ते आहे. शेवटी ‘आम्ही ठेवतोच’ एवढं आहे, पण मुलं माझी आठवण काढतात का, हे कुठेच नाही. तेवढं लिही. गोड करून लिहू नकोस, आहे तसं लिही.

राग नाही. असला तरी थोडा आहे.

तुझी ताई


तुझ्याच घरातून,
३० मार्च

ती. ताईस बारकीचा नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. ठमीच्या तोंडून किंवा भाऊजींकडून तुला कळण्याआधी मीच सांगावं म्हणून बसले आहे. तू आहे तसं लिही म्हणालीस.

ठमी तुझी आठवण काढते. वेणी घालताना सांगते की आई इतकं ओढत नाही. गुंड्या तुझ्या साडीच्या घडीवर गाल टेकवून बसायचा. हल्ली बसत नाही.

भोपळ्याला फुलं खूप आली, पण फळ धरेना. बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं की मधमाश्या कमी असल्या तर नर फुलातली पिवळी पूड कुंचल्याने मादी फुलाला लावावी. मादी फुलामागे इवला भोपळा असतो, त्यावरून ओळखायची. सकाळी ती उघडली की गुंड्या आणि मी ठमीचा रंगाचा कुंचला घेऊन वेलाखाली शिरतो. कुंचला तोच धरतो. गेल्या आठवड्यात एका फुलात मुंगळा बसला होता. मी दुसरीकडे बघत होते. मागून आवाज आला, आई, बघ.

ताई, मी आधी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं तू आलीस. तिथे कोणी नव्हतं. तो माझा पदर धरून उभा होता आणि पुन्हा तेच म्हणाला. भाऊजी दाढी अर्धी टाकून धावत आले.

मी त्याला सांगितलं की मी मावशी, आई गावाला गेली आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा आई म्हणाला. रोज सांगते. आता पाणी, मुंगळा, नको, दे, सगळं म्हणतो. मावशी तेवढं म्हणत नाही.

तो बोलला, ताई. ते आधी बघ. बाकीचं मी सांभाळते.

तुझी बारकी


नर्सेसचं वसतिगृह,
६ एप्रिल

बारकीस,

पत्र मिळालं. मुलगा बोलू लागला, चांगलं झालं. खोलीतल्या दोघींनी पेढे मागितले, मी दिले.

पंधरवड्याने मला दोन दिवसांची सुट्टी आहे, तेव्हा येते. तोवर त्याला नवं काही शिकवलं नाहीस तर बरं होईल. माझ्यासाठीही थोडं राहू दे.

ताई


माझी खोली,
२६ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

काल भाऊजी माझं मशीन पोचवायला आले होते. त्यांच्याकडून कळलं की तू परत गेलीच नाहीस, रजा वाढवलीस आणि कोर्स सोडायचं मनात आहे. नाहीतर मी इतक्यात लिहिणार नव्हते.

त्या दिवशी जे झालं ते मला तुझ्याशी उगाळायचं नाही. पण आपण दोघी वेगवेगळं आठवत बसू, म्हणून एकदा लिहून टाकते. तू फाटकातून आलीस, बॅग टाकून हात पसरलेस, आणि गुंड्या माझ्या मागे लपला. अडीच महिन्यांनी पाहिल्यावर कुठलंही पोर लपेल, हे तू दुसरीच्या मुलाबद्दल वॉर्डात शंभरदा सांगितलं असशील. तू त्याला ओढलंस, तो किंचाळला आणि मला आई म्हणाला. तू म्हणालीस की स्वतःचं घर टिकवता आलं नाही, पोर झालं नाही, म्हणून मी तुझ्या घरात शिरले. मग अंगणात जाऊन तू वेल उपटलास. मुळासकट. त्यावर तीन भोपळे धरले होते. ठमी पायरीवरून सगळं बघत होती.

मी मुलांचा निरोप न घेता निघाले, ते मात्र माझं चुकलं.

तू म्हणालीस त्यातलं अर्धं खरं आहे. मी तुझ्या घरात शिरले नव्हते, तू बोलावलं होतंस. पण हेवा मला होता, ताई. तुला आज झाला, मला मात्र तुला ठमी झाली तेव्हापासून आहे. तुझ्या घरी पाहुणी म्हणून येऊन मी परत जायची, तेव्हा बसमध्ये डोळे मिटून बसायची. मुलांच्या टोप्या शिवताना हात हळू चालवायची, लवकर संपू नये म्हणून. तुला कधी दिसलं नाही, कारण माझ्या मांडीवर तुझं मूल असायचं आणि मी हसत असायची.

कोर्स सोडू नकोस. माझ्यावरच्या रागापायी तर मुळीच नको.

बारकी


घर,
७ मे

चि. बारकीस ताईचे आशीर्वाद. घेशील तर घे.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि दूध उतू गेलं. ते तसंच ओट्यावर वाहू दिलं.

मी घरी आहे म्हणजे सगळं जागेवर आलं असं नाही. ठमी मी विचारेन तेवढ्यालाच उत्तर देते. सुट्टी लागेपर्यंत मी घातलेली वेणी ती शाळेच्या वाटेवर सोडून पुन्हा घालायची, असं तिच्या बाईंनी सांगितलं. गुंड्या माझ्याजवळ येतो, जेवतो, कान धरून झोपतोसुद्धा. पण बोलत नाही. तू गेल्यापासून एक शब्द नाही. पुन्हा बोट दाखवतो. बारकी, मला पूर्वीसारखं ओळखताही येत नाही. तो वेलाच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो, तेवढं मात्र मला कळतं. परवा तुझे भाऊजी म्हणाले की उपटायचंच होतं तर माझ्यावर राग काढून मला उपटायचं होतंस, मी परत उगवलो असतो.

मी बोलले ते परत घेता येत नाही. तुझ्या घरासंबंधी बोलले त्याची मला लाज वाटते. पोरासंबंधी बोलले त्याची त्याहून जास्त. पण हेव्याची लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही, तुला खोटं कशाला सांगू. अजूनही तो तुझ्या अंगाला टेकून उभा होता ते आठवलं की मी हातातलं भांडं आपटून ठेवते.

सोमवारपर्यंत हजर झाले तर मला परत घेतील, मेट्रनने एवढी मेहेरबानी केली आहे. तू येशील का? शिकव त्याला काय शिकवायचं ते. त्याने तुला काही म्हणू दे, पण म्हणू दे. आणि कोर्स संपल्यावरही त्या खोलीत परत जाऊ नकोस. मागची पडवी बंद करून तुझं मशीन तिथे बसेल, ह्यांनी मोजमाप घेतलंय. आपल्याला एकमेकींचा हेवा वाटतच राहणार. तर तो पत्रातून कशाला, समोरासमोर वाटू दे. निदान भांडता तरी येईल.

माझी बस सोमवारी सकाळची आहे. ठमीला मी तू येशील असं सांगितलेलं नाही. तू नाही आलीस तर तिने माझ्यावर आणखी रागवायला नको.

तुझी ताई


घर,
१७ मे

ती. ताईस बारकीचा वाकून नमस्कार.

फाटकात आपण दोघी काहीच बोललो नाही. तू बॅग उचललीस, मी बॅग ठेवली, आणि रिक्षावाल्याने विचारलं की नक्की जायचं कोणाला आहे. म्हणून लिहिते.

ठमीने मला चिमटा काढला. जोरात काढला, वळ आहे. मग माझी बॅग स्वतः आत नेली. गुंड्याने दोन दिवस माझ्याकडे पाठ केली. मी खोलीत गेले की तो बाहेर, मी बाहेर आले की तो आत. कान दिला तर घेतला नाही, उशीचं टोक घेतलं. मीही मागे लागले नाही. पडवीत मशीन लावलं आणि शिवत बसले. भाऊजी पत्रे ठोकत होते.

आज सकाळी त्या कोपऱ्यातली माती मोकळी करून आम्ही मुळ्याचं बी टाकलं. भोपळा नको म्हणाली ठमी. गुंड्या लांब उभा होता. बी टाकताना जवळ आला, माझ्या पाठीवर मातीच्या मुठीने एक बुक्की मारली आणि म्हणाला, तू गेली. स्पष्ट म्हणाला, ताई, रागाने म्हणाला. मी म्हटलं, हो, गेले होते, आता आले. त्याने विचार केला. मग मांडीत येऊन बसला, दोन्ही हात माझ्या हातात दिले, फाटकाकडे पाहिलं आणि विचारलं, आई कधी येणार?

तू हे वाचून आधी हसशील, मग रडशील, मला ठाऊक आहे. पण माझं काय झालं असेल हे तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. माझ्या मांडीत बसून त्याने तुला मागितलं. उत्तर अगदी सोपं होतं, पाऊस संपायच्या आत येईल, एवढंच. ते मी त्याला सांगितलं, खरं तेच सांगितलं. पण लगेच नाही सांगितलं. आधी त्याचे दोन्ही हात धुतले, एकेका नखातली माती काढली, टॉवेलने पुसले, आणि मग सांगितलं.

एवढा उशीर मला माफ असावा.

तुझीच,
बारकी