सुई हलली नाही

आई, परवा दवाखान्यात त्यांनी किरण मोजायचं मीटर माझ्या पोटावरून फिरवलं आणि मला तुझी ती खोली आठवली. घरातली नव्हे, दवाखान्यातली, जाड भिंतींची. आता मीटरला सुई नसते, आकडे उमटतात. यंत्रावर बसणारी मुलगी म्हणाली, "अंकल, हो गया. अब अंदर कुछ नहीं बचा. घर जाइए, बच्चों को गोद में बिठाइए." ती बिचारी रोज सगळ्यांनाच हे सांगत असेल. मी मात्र पडूनच राहिलो. तिला वाटलं, माझी भूल अजून उतरली नाही.

तुला झालं होतं ते गर्भपिशवीच्या तोंडाशी, मला झालं पुरुषांना म्हातारपणी होतं ते. जागा वेगळ्या, पण औषध एकाच घराण्यातलं. बाहेरून किरण द्यायचे ते देऊन झाले, की किरणांचा कण थेट गाठीच्या कुशीत नेऊन ठेवायचा. माझं सगळं एका दुपारीत उरकलं. कमरेखालची भूल देऊन सुया घातल्या, पडद्यावर गाठीचं चित्र आलं, कुठे किती द्यायचं नि शेजारच्या मूत्राशयाला कुठे वाचवायचं ते संगणकाने रंगांत दाखवलं. मग सगळे खोलीबाहेर गेले, तारेच्या टोकाला बसवलेला तो कण एकेका सुईतून फिरून आला, आणि दहा-बारा मिनिटांत परत आपल्या पेटीत. मी छताकडे बघत पडलो होतो आणि मनात दुसरीच्या पुस्तकातल्या कविता एकेक करून म्हणत होतो. शेवटची कविता यायच्या आत संपलं, आई. तुला दोन दिवस लागले होते.

ते दोन दिवस मला अजून तासातासाने आठवतात. बाबा गेल्यावर तू आमच्याकडे लखनौला आलीस, त्याला चार वर्षं झाली होती. अलीगंजचं ते भाड्याचं घर, माझी बँक, आणि लग्नाला बारा वर्षं होऊन, दोनदा आस लागून मोडल्यावर, तुझ्या सुनेला पाचवा महिना. मार्चचे दिवस. तू उताणी पडलेली, कूस बदलायची नाही, आत किरण देणाऱ्या सिझियमच्या बारीक नळ्या, आणि पलंगाला लागून चाकांवरचा शिशाचा आडोसा, माझ्या छातीपर्यंत येणारा. दहा मिनिटं भेटायचं, ते आडोशामागून. पोटुशी बाई नि लहान मूल यांना तर मजल्यावरच बंदी. पहिल्या दिवशी मी तिथे उभा राहिलो. तूच म्हणालीस, "गप्प काय उभा राहिलास? म्हण की एखादी."

तुला ठाऊक होतं, असं लांबून मला कविता म्हणता येते. लहानपणी महिन्यातले ते तीन दिवस तू मागच्या दाराशी पोत्यावर बसायचीस, कावळा शिवला म्हणून. बाबा चुलीशी झटापट करायचे, आणि तुला आयुष्यात तेवढेच तीन दिवस हात रिकामे. मी उंबऱ्याच्या आत पुस्तक घेऊन बसायचो. "शिवू नकोस हं, तिथनंच म्हण." मी अडलो, की तू पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच उचलून द्यायचीस, पडद्याचं टोक उचलावं तसा. शाळेत तू तिसरीपर्यंत गेलेली, पण माझ्या सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता तुझ्या पाठ. इतर मुलांना आई जवळ घ्यायची तेव्हाची आठवते. मला तू लांब बसायचीस तेव्हाची आठवते, आणि ती दुःखाची वाटत नाही. हे पुढे माझ्या कामी आलं. फार वाईट रीतीने कामी आलं.

तिथे एक फिजिसिस्ट साहेब होते, आठवतात? डॉक्टर नव्हेत. किरण किती, कुठवर, किती वेळ, हे गणित त्यांच्याकडे. बोटाला पानाचा चुना, बोलणं असं, की समोरच्याला आपणच नवाब आहोत असं वाटावं. मला म्हणाले, "ये दो दिन का लेटना अब चंद साल का मेहमान समझिए, जनाब. बाहर के मुल्कों में नई मशीन चल पड़ी है, अपने यहाँ भी आने लगी है. चावल के दाने बराबर इरिडियम, तार के सिरे पर. अंदर गया, दस मिनट, वापस." मी विचारलं, मग सगळीकडे तेच का नाही करत? तर म्हणाले, अजून शोध चालू आहेत, वाद चालू आहेत. इतक्या घाईने दिलं तर आजूबाजूचं चांगलं मांस पोळेल अशी भीती आहे, म्हणून एकदम न देता थोडं थोडं, चार-पाच वेळा देऊन बघतायत. मग हसून, "धीमी आँच का अपना मज़ा है, मगर मरीज़ कोई कबाब थोड़े ही है!" तू आडोशापलीकडून विचारलंस, "काय म्हणतायत रे?" मी तुला कबाब कसा सांगू? म्हणालो, "म्हणतात, पुरणपोळी मंद आचेवरच भाजावी." तू म्हणालीस, "शहाणा माणूस आहे."

तिथलं सगळं तुझ्यापर्यंत माझ्या तोंडून यायचं. आईला हिंदी येत नाही, हे मीच डॉक्टरांना, नर्सना, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हा फिरवून सांगायची सुरुवात अशी झाली, पुरणपोळीपासून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ्या काढल्या. साहेबांनी त्या लांब चिमट्याने शिशाच्या डब्यात ठेवल्या, दोनदा मोजल्या, आणि मग ते मीटर घेऊन तुझ्या डोक्यापासून पायापर्यंत गेले. मला मुद्दाम जवळ बोलावलं. "आइए, आप भी देखिए. डिब्बे के पास ले जाऊँ तो सुई कैसे उछलती है, और ये देखिए, अम्मा पर." सुई हलली नाही. जागची हलली नाही, आई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "लालटेन कमरे से उठा ली, तो दीवार में रोशनी थोड़े ही रह जाती है," ते म्हणाले. मग तुझ्यावर वाकून, मोठ्याने, "अम्मा, अब बहू के पास बैठिए, पोता-पोती हो तो गोद में खिलाइए. कोई परहेज़ नहीं." तू त्यांना हात जोडलेस. मग माझ्याकडे पाहिलंस. "काय म्हणाले रे?"

मी म्हणालो, "म्हणाले, तीन महिने जरा लांब राहायचं. बाळासाठी."

का म्हणालो? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की दोन वेळा हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, माणूस घाबरतो. खरंच आहे ते. शाळेच्या कवितांत किरण कोवळे असायचे, सोन्याचे असायचे. त्या खोलीच्या दारावरचं धोक्याचं पिवळं चिन्ह पाहिल्यापासून तो शब्द ऐकला की मला ते चिन्हच दिसायचं. नियम खरा होता, पण तो त्या खोलीपुरता, त्या दोन दिवसांपुरता. मी तो घरी घेऊन आलो.

घरी तुझी गादी पुढच्या खोलीत, व्हरांड्याला लागून. ताट वेगळं, लोटी वेगळी, टॉवेलचा खिळा वेगळा. तुझी सून मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "डॉक्टर खरंच असं म्हणाले? आईंना असं बाहेर..." मी आवाज चढवला, "मग मी काय खोटं सांगतोय?" बाहेरून तुझंच उत्तर आलं, "अगं, राहू दे. बाहेर बसणं मला काय नवं आहे? इतकी वर्षं महिन्याचे तीन दिवस बसले, आता तीन महिने." आणि हसलीस. ते हसू ऐकून मला बरं वाटलं, हे आज लिहायला लाज वाटते. मला वाटलं, बघ, हिला सवयीचं आहे.

जूनमध्ये मलिहाबादच्या एका खातेदाराने दशहरी आंब्यांची पेटी दिली. त्यातली अर्धी मी साहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी आंबा हुंगला, डोळे मिटले, मग विचारलं, "अम्मा कैसी हैं? बहू के पास बैठती हैं ना?" मी म्हणालो, "जी, दिन भर." ते म्हणाले, "बहुत अच्छा. आप यक़ीन नहीं करेंगे, पढ़े-लिखे लोग घर जाकर अलग बिठा देते हैं." मी म्हणालो, "अच्छा?" त्या एका शब्दाइतका मी आयुष्यात कधी खोटा वागलो नाही. घरी आलो, तर तू व्हरांड्यात आंबे पाण्यात घातलेले. म्हणालीस, "तीन महिने होत आले, नाही?" मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, बाळ जरा मोठं होईपर्यंत थांबा."

श्रावणात तुझी नात झाली. बारशाला तू दारात उभी राहिलीस, पाळण्यापासून आठ पावलांवर. तिथूनच पाळणा म्हटलास. पुढे ती रडायला लागली, की तू व्हरांड्याच्या खिडकीशी येऊन माझ्या शाळेतल्या कविता म्हणायचीस, आणि ती खरोखर गप्प व्हायची, मान वळवून गज बघत राहायची. मी बँकेतून येऊन ते ऐकायचो आणि मला ते गोड वाटायचं. स्वप्नाळू माणसाचा हा फायदा असतो, त्याला स्वतःची क्रूरतासुद्धा छान दिसते.

थंडीत दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले, पसरलंय, आता घरीच असू दे. जानेवारीतलं ते धुकं, सकाळचे दहा वाजले तरी समोरचं फाटक दिसत नव्हतं. मी मुलीला शालीत गुंडाळून तुझ्या गादीशी आलो. पहिल्यांदा. म्हणालो, "आई, घे हिला." तू दोन्ही हात वर केलेस. अर्ध्यावर थांबवलेस, परत पांघरुणात घेतलेस. "नको रे. डॉक्टर म्हणालेत ना?" आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला तेव्हा म्हणता आलं असतं, आई, डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. सहा शब्दांचं वाक्य आहे. मी मुलीला घेऊन आत गेलो. चौथ्या दिवशी तू गेलीस.

त्यानंतर मी ह्या उपचाराबद्दल हाती येईल ते वाचत आलो. वर्तमानपत्रातली कात्रणं, पुढे मुलीच्या संगणकावर. ती मशीन आली, रुजली, साहेबांची धास्ती बरीचशी फिटली. थोडं थोडं करून दिलं की चालतं हे लोकांना पटलं. मग गाठीचं चित्र काढून तिच्या अंगाबरहुकूम किरण बेतायला शिकले, शिंप्याने माप घ्यावं तसे. काही आजारांत तांदळाएवढे दाणे आत कायमचे ठेवून देतात, आणि तेव्हा मात्र काही दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका असं खरंच सांगतात. ते वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, जणू माझी चूक फक्त थोडी लवकर केलेली होती. मग सुई आठवली.

परवा घरी आल्यावर तुझी नात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. तीस ओलांडली तिने, मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. बारशाचा जुना फोटो कपाटातून काढून म्हणाली, "बाबा, आजी इतनी दूर क्यों खड़ी हैं? मैं उन्हें अच्छी नहीं लगती थी क्या?" हे ती लहानपणीही विचारायची. मी दरवेळी सांगत आलो, "आजी सोवळ्याची होती गं." परवाही तेच सांगितलं. म्हणजे तुझ्यामागेही तुझ्यावरच ढकललं. हे पत्र तुला पोचणार नाही म्हणून लिहिता येतंय. जिला पोचेल, ती आत चहा टाकते आहे, आणि ती यायच्या आत मी हे कवितांच्या जुन्या वहीत घालून ठेवणार आहे.

एकच राहिलं. मुलगी तीन महिन्यांची असेल, मी एकदा बँकेतून लवकर निघालो. पेट्रोल संपलं म्हणून स्कूटर ढकलत आणली, आवाज नव्हता. तू फाटकाशी भाजीवाल्याकडून पालक घेत होतीस. तो म्हणाला, "अम्मा, पोती को कभी बाहर नहीं लातीं, गोद में?" आणि तू, जिला हिंदी येत नव्हती ती तू, म्हणालीस, "डाक्टर तो बोला था भैया, गोदी में लो, कुछ नहीं होता. मेरा लड़का डरता है. छोटा था तब से डरपोक है. रहने दो." मग जुडी उलटी करून बघितलीस आणि म्हणालीस, "और ये कल का पालक मेरे को मत दो."

मी कोपऱ्यापर्यंत मागे गेलो, आई. थोडा थांबलो. मग हॉर्न वाजवत आलो. तू विचारलंस, "आज लवकर आलास?" मी म्हणालो, "हो."