उलटा बाण

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, नदी समुद्राला मिळते तिथल्या गाळाची निवृत्त अभ्यासक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना माझ्या मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवत आहे. परवापासून मला आनंदाच्या भरात जेवण सुचत नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम १: राहते घर लेकीला. आयुष्यभर मी घरात चिखल आणला आणि तिने नाक मुरडत का होईना, फरशी पुसली.

कलम २: चाळण्यांचा संच व सूक्ष्मदर्शक माझ्या जुन्या प्रयोगशाळेला. सर्वांत बारीक चाळणीतून पीठ चाळू नये. जावईबापूंनी एकदा चाळले आहे.

कलम ३: फ्रिजमधील गाळाची नळी धाकट्या दिरांना. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याच लाँचवरून आम्ही ती बाजारामागच्या खाडीच्या तळात ठोकून गाळासकट वर काढली. नळीवर वरची बाजू दाखवणारा बाण मी रेखला. भावजी म्हणाले, "वहिनी, बाण उलटा काढलात." मी चारचौघांत म्हणाले, "तुम्ही लाँच चालवा, शास्त्र माझं मला करू द्या." तेव्हापासून आमचा अबोला. नळी उभी चिरून अर्धा भाग मी चाळून संपवला आणि खाली समुद्राचा गाळ, वर नदीचा, म्हणजे नदीने समुद्राला मागे रेटले, असा निबंध छापला. त्यावर नाव कमावले.

उरलेला अर्धा भाग परवा उघडला. आत शिंपले, जगले त्याच जागी गाडलेले. हे शिंपले गाळात तोंड वर करून राहतात. माझ्या नळीत झाडून सगळे खाली तोंड करून! म्हणजे बाणच उलटा. म्हणजे नदीने रेटले नव्हते, समुद्रच आत घुसला होता, पार आजच्या बाजारापर्यंत. असे काही या वयात पाहायला मिळेल असे वाटले नव्हते. दुरुस्तीचा लेख काल पाठवला, त्यावर भावजींचे नाव आधी घातले. भावजी, मी चुकले आणि वाईट बोलले.

कलम ३ रद्द. वकीलबाई म्हणतात, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीला भावजीच हवेत, आणि निरोप मिळताच ते आले आहेत. म्हणून नळी आत्ताच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून धरली नि म्हणाले, "हं. आता चहा टाका."

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: चार मार्च, सकाळ.

सही: मी स्वतः.

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई.

साक्षीदार २: धाकटे दीर. सहीशेजारी त्यांनी बाण काढला आहे. तो मी तपासलेला नाही.