सुट्टी कुणाला लागली?

११ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी लागली म्हणे. कुणाला? सकाळी दोघं माझ्यापुढे हजर — "मम्मी, आता काय करू?" शैलश्रीला दहावं वर्ष सरलंय, बंटीला सहावं लागलंय. दात घासायच्या आधीच कंटाळा आलाय यांना.

सासूबाई खाटेवरून म्हणतात, "लेकरं गप ठेव गं, गिऱ्हाईक झोपलेत." हे काउंटरवरून म्हणतात, "खालती येऊ देऊ नको त्यास्नी." म्हणजे वर नाही, खाली नाही. लॉजच्या नऊ खोल्या दत्ताच्या भक्तांना, आणि घरच्या दोन लेकरांना शेगडी आणि मोरीच्या मधली जागा. तिथं त्यांनी आनंदात राहायचं, दीड महिना.

१३ एप्रिल, रविवार

पुण्याहून भुवीनं, माझ्या धाकट्या बहिणीनं, व्हिडिओ पाठवलेत. सुट्टीत मुलांना घरच्या घरी कसं रमवावं. बागेत माती कालवा. पाखरांना घरटी करा. टबात पाणी भरून होड्या सोडा. टबात! इथं गाणगापुरात टँकर एक दिवसाआड येतोय, तोही वाट बघायला लावून. खाली भुवीनं लिहिलंय — ताई, थोडी कल्पकता लागते फक्त.

कल्पकता आहे गं बाई. पाणी नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

दत्ताचा वार, लॉज भरलेलं. मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. खालून पोरांचा आवाज नाही म्हणून खूश होते. आवाज कुठून येणार, चार नंबरच्या खोलीत गाद्या उभ्या करून दोघं घर बांधत होती. छप्पर चादरीचं, दाराला उशा. मी बघितलं तेव्हा वाटलं, चांगलं केलंय की.

तेवढ्यात हे सोलापूरच्या पार्टीला घेऊन दारात. बोलणी कुणाला? मला. "दिवसभर करायलीस तरी काय तू?"

काय करायलेय! नऊ खोल्यांच्या चादरी कोण धुतंय मग? दत्त महाराज?

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी बंटी गायब. माझा जीव टांगणीला. नदीकडे गेला असेल, बसखाली आला असेल, काय काय मनात आलं. स्वारी आली खांद्याला उशीची खोळ अडकवून. माधुकरी मागायला गेला होता! भक्त मागतात ना झोळी घेऊन पाच घरी, तसा. पाच कसली, सगळी गल्ली पालथी घातली. पोट टम्म, खोळीत पोळ्या, पेढे, वर आमटी. परवा शिवलेली खोळ.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आपल्या घरचं लेकरू मागून खायलंय. लोक काय म्हणतील?" मुंबईचे डॉक्टर मागतात तेव्हा पुण्य, आणि बंटीनं मागितलं की अब्रू गेली! तोंडावर नाही म्हणाले. इथं म्हणतेय.

रात्रीचं जेवण मात्र त्याच्यामागं लागून भरवावं लागलं नाही. तेवढंच.

२७ एप्रिल, रविवार. अमावस्या

आजचा खेळ नवा. भुवीच्या व्हिडिओत असला नाही.

देवळात आरतीच्या वेळी कुणाकुणाच्या अंगात येतं. केस सुटतात, बाई घुमायला लागते. बरोबरची माणसं विचारतात — कोण तू, हिला का धरलंस, काय घेऊन जाशील? आमची पोरं जन्मल्यापासून हेच बघतात. शैलू झाली भूत, बंटी झाला विचारणारा.

"कोण हाईस तू?"

"मी इहिरीतली बाई! मला नारळ पाहिजे! हिरवी साडी पाहिजे! कुल्फी पाहिजे!"

दीड तास. माझ्या सगळ्या पोळ्या झाल्या. हसू आलं, खोटं कशाला लिहू. सासूबाईंना नाही आलं. "खेळता खेळता खरंच धरतंय," म्हणाल्या आणि दोघांच्या कपाळाला इभूत फासली. पोरांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

५ मे, सोमवार

आता महाराष्ट्रातल्या शाळाही सुटल्या. गिऱ्हाइकांची पोरं जिन्यात धावतात, नळ चालू ठेवतात. हे त्यांना गोळ्या वाटतात. आमच्या दोघांना डोळे वटारतात.

१२ मे, सोमवार. पौर्णिमा

आज फार वाईट झालं.

सहा नंबरला बार्शीकडचे लोक उतरलेत. सासू, मुलगा आणि सून. सुनेला धरलंय म्हणून देवळात आणलंय. ती कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. आणि आमच्या कार्टीनं त्यांच्याच दारासमोर खेळ मांडला. केस सोडून घुमतेय, बंटी विचारतोय. ती सासू बाहेर आली आणि तिनं लॉज डोक्यावर घेतलं. "आमचं दुखणं यांना तमाशा वाटतो!" सून मात्र दाराला टेकून खेळ बघत होती. गालात हसत होती. सासूनं तिला दंडाला धरून आत ओढलं.

सगळ्यांसमोर मी शैलूला एक ठेवून दिली. गालावर बोटं उठली. मला संताप पोरीचा आला होता की त्या दंडाला धरलेल्या हाताचा, ते मला अजून कळत नाही.

ते लोक सामान उचलून गेले. हे म्हणाले, "बास. जूनपासून शैलूला कलबुर्गीच्या हॉस्टेलात घालायचं."

१३ मे, मंगळवार

शैलू बोलत नाही. बंटी हाक मारायच्या आधी माझ्या हाताकडे बघतो.

१५ मे, गुरुवार

मला वाटलं, रागात बोलले असतील. नाही. सोमवारी जाऊन नाव घालून येणार आहेत. मी म्हणाले, दहा वर्षांची पोर आहे, रात्री अजून मला चिकटून झोपते. तर म्हणतात, "तुलाच तरास होयलाय म्हणून पाठवायलोय. रोज वरडतीस, रोज रडतीस. दोन्हीतलं एक तर कमी होईल."

म्हणजे माझ्यासाठी! सव्वा महिन्यात एकदा पोरांना नदीवर नेलं नाही या माणसानं. एकदा बंटीला आंघोळ घातली नाही. आणि आता माझी पोर माझ्याच नावावर घराबाहेर काढतोय. सासूबाई मान हलवतात, "व्हय, तिथं शिस्त लागंल." चीड चीड झाली. भांडी घासता घासता एक पातेलं आपटलं, त्याला पोचा पडला. तेवढंच माझं चालतं या घरात.

नको ते पाठवणं. मला माझी शैलू इथंच पाहिजे, घुमणारी, गाद्या उभ्या करणारी. पण तोंडानं काय बोलू? वरडतेय तर मीच.

१८ मे, रविवार

संध्याकाळी गच्चीवरून पुन्हा तेच घुमणं. पोळ्या टाकून लाटणं घेऊनच जिना चढले. आज सोडायचीच नाही. टाकीच्या अलीकडे थांबले.

बंटी विचारत होता, "कोण हाईस तू? नाव सांग!"

शैलू केस सोडून घुमत होती. "मी मम्मी हाय."

"काय पाहिजे तुला? साडी? नारळ?"

"काय बी नको. सुट्टी पाहिजे."

"बरं, दिली. जा आता."

शैलूचं घुमणं थांबलं. "कशी जाऊ?" म्हणाली. "लेकरं कोण बघंल?"

मी आल्या पावली खाली आले. खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा ह्यांच्यापुढे काउंटरवर ठेवला. सांगितलं, शैलू हॉस्टेलला जाणार नाही. उद्या मी खजुरीला माहेरी चाललेय दोघांना घेऊन, शाळा उघडेपर्यंत.

ह्यांनी जुडगा उचलला. मग म्हणाले, "अन् लॉज कोण बघंल?"

शैलू माझ्यामागे जिन्यात येऊन उभी होती. ती फिस्सकन हसली, आठवड्यात पहिल्यांदा. मग मलाही आवरेना.