चिमूटभर राख

धानोरा, मंगळवार, ११ मार्च

आज नववीले पहिलं महायुद्ध शिकवलं. शत्रूवर सोडलेला विषारी वायू वारा फिरल्यानं सोडणाऱ्यांच्याच खंदकात आला, हे सांगून "वाऱ्यानं दगा दिला" म्हणत दरवर्षीसारखा थांबलो. मध काढणाऱ्या घरची सुमन उठली.

"सर, त्यायनं राख नाई उडवली का? बाबा आधी चिमूटभर राख सोडते, वारा पाहते, मंगच पोळ्याखाली धूर करते."

मले हसू आलं. म्हटलं, "राख उडवली असती तर समोरचे सारे मेले असते ना!"

ती गोंधळली. "माराले धूर? बाबाचा धूर तं माशा उठवाले असते, सर. माशा मेल्या तं पुढच्या साली मध कोण देईन?"

इतकी वर्षं मी वाऱ्यालेच काऊन दोष देत होतो? चिमूटभर राख! हे लिहिता लिहिता चहा गार झाला, पण मन खुश आहे. उद्या दुसऱ्या तुकडीले हाच धडा राखेपासून शिकवीन.