नितळ चेहरा

४ मे
आले एकदाची क्वाला कांग्सारला, योंगच्या घरी. योंग म्हणजे माझी थोरली बहीण. फेब्रुवारीत तिने आपली एक किडनी मला दिली, आणि आता म्हणते, निम्मी मी तुझ्याकडे राहायला आलेच आहे सू, तू या उरलेल्या निम्मीकडे ये. खोली झकास आहे, खिडकीतून नदी दिसते. चादरी कोऱ्या. तरी न्हाणीघरातली बादली मी पुन्हा घासून घेतली, दुसऱ्याच्या घरचा बुळबुळीतपणा मला सोसत नाही. योंग म्हणाली, आल्या बाई इन्स्पेक्टर. रात्री माशाचं कालवण होतं. त्यात आंबवलेलं दुरियन फळ घालतात, ते मला डॉक्टरांनी बंद केलंय म्हणून माझ्यापुरतं वेगळं काढलं होतं. डायलिसिसच्या सुया सुटल्या, भरभरून लघवी होते. आणखी काय पाहिजे माणसाला.

१० मे
योंगच्या मुलीचं, इझ्झातीचं, लग्न ऑगस्टात. नवरीच्या कपाळावरची लव वस्तऱ्याने काढायची, भुवया कोरायच्या, हा माझा धंदा. साऱ्या पेराक राज्यातल्या पोरींची तोंडं मी उजळून दिलीत. इझ्झाती मला माक सू म्हणते, म्हणजे सू मावशी. गळ्यात पडून म्हणाली, माक सूच पाहिजे, नाहीतर मी लग्नालाच उभी राहत नाही. लाडावलीय कार्टी. सकाळ-संध्याकाळ योंग स्वयंपाकघरातून ओरडते, सू, गोळी घेतलीस का. माझ्या अंगाने तिची किडनी परकी म्हणून मारू नये, यासाठी त्या गोळ्या. जन्मभर घ्यायच्या.

२९ मे
नाकाच्या शेंड्यावर खरखरीत काहीतरी आलंय. आधी वाटलं मीठ चिकटलंय. आरशात बघितलं तर बारीक पांढरा काटा. चिमट्याने ओढला. मुळाशी तुपकट पांढरी कणी होती, तिला वास येत होता. हात साबणाने दोनदा धुतले.

८ जून
नाक भरलं. गाल, हनुवटी, कानाच्या पाळ्या. हात फिरवला की फणसाची साल. कातडी जाड होत चाललीय, नाक फुगून रुंद झालंय. सकाळी उशीवर पिवळट काटे पडलेले असतात आणि त्यांच्यात माझ्या भुवईचे केस. डावी भुवई जवळजवळ गेलीच. लोकांच्या भुवया कोरणारी मी! शी. जेवताना योंग माझ्याकडे न बघता वाढते, आणि तिला वाटतं मला कळत नाही.

१७ जून
इपोहच्या इस्पितळात डॉ. थेवराजनना दाखवलं. त्यांनी एक तुकडा कापून तपासला. म्हणाले, हे एका विषाणूचं काम, तो बहुतेकांच्या कातडीत गप्प पडलेला असतो. गोळ्यांनी तुमच्या अंगातला पहारा झोपवला, म्हणून हा उठला. मग गोळ्या कमी करा की, मी म्हटलं. तर म्हणाले, हळूहळू बघू, पहारेकरी उठला की आधी बहिणीची किडनी धरील. मलम दिलं, आणि बजावलं की गोळ्यांना मनाने हात लावायचा नाही. बाहेर नर्सला सांगितलं, मला माझ्याच तोंडाची किळस येते. ती खुदकन हसली. आमच्या मलय भाषेत किळस आणि गुदगुल्या यांना शब्द एकच, तिला वाटलं मला गुदगुल्या होतायत.

२५ जून
आज इझ्झातीच्या कपाळाचा अंदाज घ्यायला बसवलं. वस्तरा अजून लांब होता तेव्हाच तिने डोळे घट्ट मिटले. मी वाकले तशी तिने मान मागे घेतली. हातावर काटा आला होता तिच्या. माझ्या हनुवटीवरून एक काटा गळून तिच्या ओढणीवर पडला, आणि पोरगी उठून मोरीकडे धावली. ओकली.
रात्री योंग ताटं पुसता पुसता म्हणाली, तुला दगदग नको सू, त्या दिवसापुरती नवरी सजवायला इपोहची बाई बोलवू का. मी म्हटलं, बोलव. खोलीत येऊन खूप रडले.

२६ जून
योंगने विचारलं, गोळी घेतलीस का. मी हो म्हटलं. गोळी मोरीत गेली.

१० जुलै
काटे मऊ पडलेत. तोंड धुतलं की बेसिनमध्ये गळतात, भिजलेल्या शेवयांसारखे. बघवत नाही, पण बघत बसते. योंग म्हणते, मलम गुणाचं आहे हो. डॉक्टरांकडची तारीख मी ताप आहे म्हणून पुढे ढकलली.

२३ जुलै
नितळ. अगदी नितळ. डाव्या भुवईला कोवळे केस फुटलेत. इझ्झातीने गालाचा मुका घेतला, माफी मागितली. इपोहच्या बाईला नको म्हणून कळवलं. योंग मला पुन्हा पुन्हा जवळ घेते.
ओटीपोटाची उजवी बाजू, जिथे योंगची किडनी बसवलीय, जरा ताणल्यासारखी वाटते. लग्नापर्यंत काढू.

१ ऑगस्ट
चपला घट्ट होतायत. गोळ्या परत सुरू केल्या, दोन-दोन. ओकून पडल्या.

४ ऑगस्ट
लघवी थेंब-थेंब. काळ्या चहासारखी, वर फेस. किडनी बोटांना लागते — कडक, गरम, सुजलेली. झोपले की आत ठणकते. माझं अंग तिला खातंय. योंगचा तुकडा आहे तो, आणि माझ्या अंगाला त्याची किळस —

६ ऑगस्ट
इझ्झातीचं कपाळ केलं. तोंडाला मुताचा वास येतोय, म्हणून श्वास बाजूला सोडत होते. वस्तरा एकदा घसरला, पण रक्त नाही निघालं. तिने डोळे उघडे ठेवले होते. म्हणाली, माक सू, तू किती छान दिसतेस.

७ ऑगस्ट
अंगणात ढोल. मला उठवेना. योंग आली, सुजलेल्या पायावर अंगठा दाबला, खळगा पडला तो तसाच राहिला. तशीच फोनकडे धावली.
डॉक्टरांना फोन केलाय, गाडी येतेय —
मला पोटाशी धरून रडतेय. म्हणते, माफ कर सू, मीच तुला खराब दिली, माझ्यातच काहीतरी खोट असणार. म्हणते, माझ्याकडे अजून एक आहे, ती तरी चांगली निघेल, मी त्यांना सांगते —
खरंच सांगेल ती. जिवाला जीव देणारी आहे, ऐकायची नाही.
बोलायला गेले की फेस येतो नुसता. लिहून दाखवते. योंग, तुझी चांगलीच होती, गोळ्या मी मोरी