नांगराचा रंग सुकतोय

आषाढ अमावस्या, १९६७

माझा तारेचा ब्रश सुनेने, सुगंधाने, तवा घासायला नेला. हे आधी. एकवीरा आईला नमस्कार मागून.

कमलाकांत म्हणतो, इंजिनाच्या होडीला नवा नांगर घेतो, बाबांचा गंजलाय, भंगारात देऊ. मी म्हटलं, बापाची होडी विकलीस, आता नांगरावर डोळा? मी रंगवते. म्हणाला, नारळी पुनवेला सुकलेला दाखव, होडीवर घेईन. नाय तर भंगार.

मालक गेले, होडी गेली. नांगर गेला तर या घरात मला कोण विचारणार? पंधरा दिवस आहेत. मला चार पुरेत.

श्रावण शु. २

बहिणीचा रामनाथ आला. तारापूरला नव्या कामावर लोखंड रंगवतो. बोईसरहून लाल प्रायमर आणि हिरवा पेंट आणला. भिंतीचा उरलेला रंग चालेल का विचारलं, तर हसला. गंज खरवड, गोड्या पाण्याने धू, वाळव, मग प्रायमरचे दोन हात, मध्ये एक दिवस. तेलाचा थेंब नको म्हणाला. काल मिसरूड फुटलं, मला शिकवतो.

श्रावण शु. ४

गंज निम्मा काढला. बाकीचा जुना आहे, बसलेला आहे, त्याला त्रास कशाला?

मग मुशी माशाचं तेल चोळलं. मालकांच्या होडीला दरसाल तेच लावायचो, लाकूड चाळीस वर्षं टिकलं. सुगंधा म्हणाली, आय, रामनाथभावोजी नको म्हणाले ना. मग तेलाचा दुसरा हातही दिला.

श्रावण शु. ६

प्रायमर लावला. काय चमक!

श्रावण शु. ८

सुकला नाही. सुगंधाच्या भाताची वाफ. चूल बाहेर न्यायला सांगितली. पाऊस आहे म्हणाली. भिजेल, विरघळणार नाही.

प्रायमरचा दुसरा हात ओल्यावरच दिला. ओलं ओल्याला धरतं.

श्रावण शु. ११

हिरवा दिला. कोंबडी चिकटली. कोंबडी सुटली, पिसं राहिली. शेजारची पुष्पलता कुंपणावरून म्हणाली, काकी, नांगराला पिसं फुटली, आता उडणार काय? मी म्हटलं, उरलेला रंग तुझ्या नवऱ्याच्या बुडाला लाव, तो तरी घरात टिकेल.

श्रावण शु. १४

रामनाथने बोट लावलं, वास घेतला. मावशे, तेल लावलंस? मी म्हटलं, तेल नाही, मुशीचं तेल. कपाळ धरलं त्याने. हा जन्मात सुकणार नाय, सगळं खरवड, सोड्याने धू, पयल्यापासून कर.

उद्या पुनव. वरून सुकलाय. बोटाला लागतो तो फक्त आतला.

नारळी पुनव, दुपार

नांगर गाडीवर घालून किनाऱ्यावर नेला. कमलाकांतने पालघरचा नवा नांगर आधीच आणून ठेवलेला! हात लावून बघतो म्हणाला. तर मी नांगरावरच बसले. सांगितलं, ओला असता तर बसले असते का? हा चढवल्याशिवाय उठणार नाही.

सगळा गाव बघत होता.

नवा नांगर चढवला. नारळ सोडला. इंजिन सुरू झालं. होडी निघाली तशी तिला अडवायला मी उठू गेले.

नांगराने सोडलं नाही.

श्रावण व. १

सुगंधाने कात्रीने नवं लुगडं मागून कापलं, आपला पदर माझ्याभोवती धरून घरी आणलं. वाटेत बघणाऱ्या पोरांना हाकललं. त्यापेक्षा हसली असती तर बरं होतं.

भंगारवाला सकाळी नांगर घेऊन गेला. लुगड्याच्या तुकड्यासकट.

रंग चांगलाच होता. एवढं धरणारा रंग साऱ्या दातिवरे गावात नाही. मग होडी नवा नांगर घेऊन का गेली, याचं उत्तर रामनाथने येऊन द्यायचं. सुगंधाने मध्ये बोलायचं नाही.